दगडंच तं आहे तिथं!

शनिवारी सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर उभं राहिलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं, "नागपूरच्या माणसानं सुटीत जावं तं जावं कुठं?" बोलणारा बहुधा नुकताच पुण्याच्या मुलाकडे पंधरा दिवस राहून आलेला असतो. मुलानं त्याला लोणावळ्याचं धुकं दाखवलेलं असतं, सिंहगडावर पिठलं-भाकर खाऊ घातलेली असते. मग तर्रीचा भुरका मारत तो पुढचं वाक्य टाकतो, "त्यायचं बरं आहे बाप्पा. पायरी उतरली का डोंगर. आपल्याकडे काय, ऊन अन् संत्री."

गेली तीस वर्षं मी हे ऐकतो आहे. त्यातली निम्मी वर्षं मीही मान डोलावली. आता डोलावत नाही, आणि का डोलावत नाही ते एकदा सविस्तर लिहून टाकावं म्हणून हा लेख. ही तक्रार खोटी आहे एवढंच असतं तर मी सोडूनही दिलं असतं. पोह्याच्या ठेल्यावरच्या सगळ्याच गोष्टी खऱ्या असाव्यात असा आग्रह कोणी धरू नये. पण या तक्रारीचा हिशेब दुसऱ्याच कोणाला चुकवावा लागतो. "तिथं पाहण्यासारखं काही नाही" हे इतक्या वेळा म्हटलं गेलं की सरकारलाही ते पटलं, आणि आता चिखलदऱ्याच्या दरीवर काचेचा पूल टांगून पाहण्यासारखं काहीतरी बनवण्याचं घाटतं आहे.

आधी अंतराचं आणि उंचीचं बघू, कारण वादात आकडे लवकर निकालात निघतात. नागपूरहून चिखलदरा सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, पचमढी अडीचशेच्या आत-बाहेर. हे लांब आहे, कबूल. पण मुंबईहून महाबळेश्वरही अडीचशेच्या पुढेच आहे, आणि तिथला माणूस शुक्रवारी रात्री निघून रविवारी परततो तेव्हा त्याला कोणी वेडा म्हणत नाही. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या थोडा वर आहे, माथेरान आठशेच्या घरात. आपलं चिखलदरा अकराशे मीटरच्या वर. पचमढीचं धूपगड साडेतेराशेच्या आसपास, म्हणजे महाबळेश्वरच्या बरोबरीचं. मे महिन्यात चिखलदऱ्यातही दुपारी ऊन लागतं, हे खरं. चिखलदरा म्हणजे सिमला नव्हे. पण ज्या गावात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो त्या गावाच्या माणसानं सात-आठ अंशांचा फरक नाक मुरडून परत करावा, हे काही मला समजत नाही.

तेव्हा डोंगर आहेत, उंच आहेत, आणि इतरांना जितके लांब तितकेच आपल्याला लांब आहेत. मग तक्रार उरते ती "पाहायला काय आहे?" एवढीच.

मी चिखलदरा पहिल्यांदा पाहिलं ते सातवीत, मामांच्या कुटुंबासोबत. देवी पॉइंट झाला, मोझरी पॉइंट झाला, पंचबोलला दरीत तोंड करून सगळ्यांनी ओरडून घेतलं, भीमकुंड पाहिलं, रबडी खाल्ली. चिखलदऱ्याची रबडी खरोखर चांगली असते. गवळ्यांचं गाव आहे, दुधाला कमी नाही. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, मामा, किल्ला राहिला. मामा कॉटवर आडवे झाले होते. म्हणाले, "दगडंच तं आहे तिथं. काय पाहतं?" विषय संपला. मामांवर माझा राग नाही. तो अख्ख्या नागपूरचा निकाल होता, मामांनी फक्त वाचून दाखवला.

त्यानंतर त्या किल्ल्यात, म्हणजे गाविलगडात पाऊल टाकायला मला पस्तीस वर्षं लागली. ऑक्टोबर संपत आला होता, गवत छातीपर्यंत वाढलेलं, आणि दहा मिनिटांत विजारीला इतकी कुसळं लागली की उरलेला दिवस चालणं कमी आणि वेचणं जास्त. सोबत एक कोरकू वाटाड्या होता, विशी-बाविशीचा. त्यानं मला एका दरवाजापाशी नेऊन उभं केलं आणि काही न बोलता वर बोट दाखवलं. दगडात कोरलेला दोन तोंडांचा पक्षी. चोचीत हत्ती, पंजात हत्ती, आणि शेजारी शार्दूल. हत्ती एवढे लहान की पक्ष्यानं ते शेंगदाण्यासारखे उचललेत असं वाटावं.

हा गंडभेरुंड. विजयनगरच्या राजांचं हे लाडकं चिन्ह, आजही कर्नाटकाच्या राजमुद्रेत आहे. मग ते सातपुड्यात, वऱ्हाडातल्या मुसलमानी किल्ल्याच्या दरवाजावर काय करतंय? इतिहासकार फरिश्त्याच्या म्हणण्यानुसार हा किल्ला अहमदशाह बहामनीनं 1425 मध्ये बांधला. पुढे बहामनी राज्य फुटलं आणि वऱ्हाडात इमादशाही आली. तिचा संस्थापक फतेहउल्ला इमादुल्मुल्क हा जन्मानं विजयनगरच्या मुलखातला कानडी हिंदू. लहानपणी लढाईत पकडला गेला, मुसलमान झाला, चढत चढत वऱ्हाडचा धनी झाला. गाविलगडाची मोठी डागडुजी त्याच्या काळातली. तेव्हा तो पक्षी विजयनगरहून कोणाच्या आठवणीत बसून आला असावा, असा तर्क करायला जागा आहे. तर्कच आहे, पण दरवाजाखाली उभं राहिलं की तो करावासा वाटतो. दगडंच आहेत, मामा. पण बोलणारी आहेत.

मी एवढा वेळ मान वर करून उभा राहिलेला पाहून वाटाड्यानं विचारलं, "साहेब, तुम्ही नागपूरचे ना?" म्हटलं, हो. "मग हा तुमच्याच राजाचा गड."

हे वाक्य मला लागलं. कारण ते शब्दशः खरं आहे आणि ते मला धारणीकडच्या एका पोरानं सांगावं लागलं. 1803 साली गाविलगड नागपूरकर भोसल्यांकडे होता. दुसऱ्या रघूजींचं राज्य. सप्टेंबरच्या 23 तारखेला इंग्रजांशी असईची लढाई झाली, नोव्हेंबरच्या 29 ला अडगावची झाली, आणि अडगावात मोडलेली भोसल्यांची फौज मागे सरून गाविलगडात शिरली. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली मागोमाग आला. किल्ल्याची कमकुवत बाजू उत्तरेची आहे हे त्याला कळलं होतं, पण दक्षिणेच्या मैदानातून उत्तरेला जायचं तर मधे सगळा सातपुडा. कर्नल स्टीव्हनसनच्या तुकडीनं डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात त्या डोंगरातून रस्ता फोडत जड तोफा माणसांच्या हातांनी ओढून उत्तरेला लबाडा गावाच्या बाजूला नेल्या. आज आपण एसी लावून घाटात चढतो आणि वळणावर उलटी झाली तर रस्त्याला नावं ठेवतो, तेव्हा ही ओढाताण एकदा डोळ्यांसमोर आणावी.

15 डिसेंबरला सकाळी हल्ला झाला. बाहेरच्या कोटाला भगदाड पडलं, गोरे आत शिरले, आणि तिथेच अडकले. कारण गाविलगड हे एक प्रकरण नाही, दोन आहेत. बाहेरचा कोट आणि आतला किल्ला, मधे खोल घळ. हे नकाशावर कळत नाही, पायी गेल्यावरच कळतं. त्या घळीत उतरून पुन्हा चढताना मला धाप लागली, आणि माझ्यावर वरून कोणी गोळ्या झाडत नव्हतं. 94 व्या पलटणीच्या हलक्या कंपनीचा कॅप्टन कॅम्पबेल शिड्या लावून समोरची भिंत चढला आणि त्यानं आतून दरवाजा उघडला, तेव्हा किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग राजपूत लढता लढता मारला गेला. दोनच दिवसांनी, 17 डिसेंबरला, देवगावचा तह. कटक गेलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड गेलं. त्याच मोहिमेत वेलस्लीच्या बाजूला असलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन पुढच्याच वर्षी इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून नागपुरात येऊन बसला. चौदा वर्षांनी, नोव्हेंबर 1817 मध्ये, सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवरच्या लढाईत भोसले इंग्रजांपुढे हरले, त्याची पहिली पायरी ही गाविलगडची घळ आहे.

बर्डीवर रोज लाखभर माणूस खरेदी करतो. वर त्याच टेकडीवर किल्ला, वर्षातून मोजक्या दिवशी लोकांना उघडा. आणि खाली उभा असलेला माणूस म्हणतो, आपल्याकडे इतिहासाचं असं काही नाही ना!

तो आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, 1815 त त्यानं वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं, त्यानंतर इंग्लंडचा पंतप्रधानही झाला. गाविलगडच्या वेढ्यावर बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज लेखकानं 'शार्प्स फोर्ट्रेस' नावाची अख्खी कादंबरी लिहिली आहे. लंडनमधल्या एखाद्या वाचनवेड्या पोराला आपल्या गाविलगडच्या दोन कोटांमधली घळ तोंडपाठ असू शकते, आणि परतवाड्याहून तासाभरात पोचणाऱ्या आपल्याला तिथं दगड दिसतात.

आता ते 'शोधा'चं. प्रत्येक प्रवासपुस्तिकेत लिहिलेलं असतं की चिखलदऱ्याचा शोध 1823 मध्ये हैदराबाद फौजेच्या कॅप्टन रॉबिन्सननं लावला. म्हणजे बहामनी सुलतान शेजारच्या कड्यावर किल्ला बांधून गेला, इमादशहा राहिला, मोगल राहिले, भोसले राहिले, वेलस्लीची अख्खी सेना तोफा ओढत गेली, आणि त्यानंतर वीस वर्षांनी कोणीतरी येऊन त्या जागेचा शोध लावला! गवळी आणि कोरकू त्याआधी किती शतकं तिथं होते ते तर विचारूच नका. कोरकूंची भाषा मराठीच्याही कुळातली नाही आणि गोंडीच्याही नाही. ती मुंडा कुळातली, तिकडे झारखंडातल्या संथाली-मुंडारीची बहीण. तिथून एवढ्या लांब पश्चिमेला ती कशी उरली, हा प्रश्न कुठल्याही पॉइंटपेक्षा मला जास्त खेचतो. पंचबोलला ओरडून आपलाच आवाज पाच वेळा ऐकण्यापेक्षा शेजारी बसलेल्या कणीसवालीचा आवाज एकदा ऐकला तर ही भाषा कानावर पडते. पण आपण ओरडतो.

पचमढीचंही तेच. कॅप्टन जेम्स फोर्सिथनं ती 'शोधली', 1862 त बायसन लॉज बांधलं, आणि पुढे मध्य प्रांताचं सरकार उन्हाळ्यात नागपूरहून उठून तिकडे जाऊ लागलं. पण फोर्सिथच्याच 1871 च्या पुस्तकात महादेवाच्या यात्रेचं वर्णन आहे. म्हणजे साहेब पोचला तेव्हा यात्रेकरू दर्शन करून परतत होते.

आणि इथं मी त्या तक्रारीच्या सगळ्यात लबाड भागाकडे येतो. "आपल्या माणसाला चालायची सवय नाही. पुण्या-मुंबईसारखी ट्रेकिंगची संस्कृतीच नाही विदर्भात." हे म्हणणारे पुष्कळदा स्वतः ट्रेकिंग करणारे असतात, आणि ते दुःखानं म्हणतात, म्हणून ते खरं वाटतं. मला हे साफ अमान्य आहे.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाई दरवर्षी श्रावणात नागपंचमीच्या सुमारास सांगतात, "काका, चार दिवस खाडा होईल, महादेवाले जातो." घरात थोडी कुरकुर होते. मग त्या गणेशपेठेतून नागद्वारीच्या यात्रेसाठी सुटणाऱ्या जादा गाडीत बसतात. सोबत शेजारपाजारच्या आठ-दहा बाया, तिखटमिठाच्या पुऱ्या, चिवडा, डोक्यावरून घ्यायचं मेणकापड. पचमढीच्या पुढे धूपगडाच्या रस्त्यावरून उतरायचं आणि सातपुड्याच्या पोटात पायी शिरायचं. एरवी वाघांसाठी राखलेलं ते जंगल, वर्षातून दहा-बारा दिवसच यात्रेसाठी उघडतं. पाऊस धो धो, दगड शेवाळलेले, काही ठिकाणी लोखंडी शिडीवरून चढायचं. काजळी, पद्मशेष, चित्रशाळा, स्वर्गद्वार अशी एकेक गुहा घेत डोंगरामागून डोंगर ओलांडायचे. रात्र पडली तर नागपूरच्याच कुठल्यातरी सेवा मंडळाच्या तंबूत वरण-भात खाऊन तिथंच कलंडायचं.

मी त्यांना एकदा विचारलं, पायात काय घालता? त्यांनी चपला दाखवल्या. रबरी. एका बाजूनं खिळा मारलेला.

महाशिवरात्रीला पचमढीजवळच्या चौरागडाचंही तसंच. खांद्यावर त्रिशूळ, कधी माणसाएवढा, कधी चार जणांनी उचलावा एवढा, आणि तो घेऊन भुराभगतच्या बाजूनं डोंगर चढायचा, शेवटी हजारावर पायऱ्या. वर गेल्यावर त्रिशुळांचा ढीग पाहिला की आधी माणूस गप्प होतो. मोर्शीजवळ सालबर्डी आहे, तिथंही महादेव डोंगरातल्या भुयारात. हे सगळे रस्ते पिढ्यान्‌पिढ्या मळलेले आहेत, त्यांची गाणी आहेत, मुक्काम आहेत, कोणत्या झऱ्याचं पाणी प्यावं आणि कोणत्या नाही हे आजीकडून नातीकडे आलेलं आहे. एवढं असूनही संस्कृती नाही? संस्कृती आहे. फक्त ती गोरेवाडा रोडच्या फ्लॅटमध्ये राहत नाही, तिच्या पायात ब्रँडेड बूट नाहीत, आणि ती डोंगर चढल्याचा फोटो स्टेटसला टाकत नाही. आता टाकते म्हणा, पण महादेवाच्या फोटोसह.

यात्रेकरूंना मी संत बनवत नाही. नागद्वारीच्या वाटेवर प्लास्टिकचा खच पडतो, कधी अपघातही होतात. आणि श्रद्धेनं चालणं वेगळं, हौसेनं चालणं वेगळं, हेही मान्य. पण पाय तेच लागतात, डोंगर तोच असतो. विदर्भाच्या माणसाला डोंगराचं वेड नाही हे विधान करायचं असेल तर ते "विदर्भाच्या गाडीवाल्या माणसाला" असं दुरुस्त करून करावं. मग मी भांडणार नाही.

आता काचेच्या पुलाकडे. चिखलदऱ्याच्या नियोजनाचं काम सिडकोकडे दिलेलं आहे आणि तिथं गोराघाट ते हरिकेन पॉइंट असा चारशे मीटरच्या घरातला स्कायवॉक बांधायचं ठरलं. वन्यजीवांच्या परवानग्यांत काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. चिखलदरा मेळघाटात, आणि मेळघाट हा 1974 पासूनचा व्याघ्रप्रकल्प, देशातल्या अगदी पहिल्या तुकडीतला, तेव्हा परवानग्या लागणारच. पण माझा आक्षेप वाघाच्या बाजूनं नाही. वाघाची वकिली करणारे माझ्याहून जाणकार आहेत. माझा आक्षेप साधा आहे. त्या पुलावर उभं राहून माणूस काय बघेल? पायाखाली बघेल. काचेतून खाली दरी दिसते, पोटात गोळा येतो, बायको किंचाळते, फोटो निघतो, पाच मिनिटांत माणूस पलीकडे. असा काचेचा पूल बिहारात राजगीरला आहे, आणखीही ठिकाणी होतील. गोळा सगळीकडे सारखाच येतो. गंडभेरुंड सगळीकडे नाही.

'विदर्भाचं नंदनवन' हे चिखलदऱ्याला चिकटवलेलं लेबलही मला असंच खुपतं. कोणी 'विदर्भाचं महाबळेश्वर' म्हणतं, मोथ्याच्या शेतकऱ्यांनी स्ट्रॉबेरी लावल्यापासून तर फारच. स्ट्रॉबेरी चांगलीच आहे, शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात, खावी. पण दुसऱ्याचं नाव लावून फिरणाऱ्या गावाला स्वतःचं काही नाही असंच ऐकणारा समजतो. आधी आपण "काही नाही" म्हणायचं, मग उसनं काही आणायचं, मग ते मूळच्यासारखं नाही म्हणून पुन्हा नाक मुरडायचं. याला अंत नाही.

यावर एक उत्तर येतं आणि ते मी टाळू शकत नाही. ते मला त्या वाटाड्यानंच दिलं. परत येताना मी त्याच्यापुढे हीच टकळी लावली होती. तो ऐकत होता. मग म्हणाला, "साहेब, तुम्ही वर्षातून एखादे येता. गड पाहता अन् जाता. पुलावर रोज हजार येतील. आमच्या पोटाचं काय?"

मेळघाटाचं नाव उर्वरित महाराष्ट्राला कुपोषणाच्या बातम्यांतून माहीत आहे. त्या मुलखातल्या तरुण पोरानं असा प्रश्न विचारल्यावर शहरातल्या माणसानं सौंदर्यदृष्टीवर प्रवचन देणं निलाजरेपणाचं होईल. मी तेव्हा गप्प बसलो. नंतर पुष्कळ दिवस हिशेब मांडत राहिलो. पुलाला काय लागेल? तिकीट खिडकीवर दोन माणसं, पहाऱ्याला चार, साफसफाईला चार, आणि ठेका बहुधा बाहेरच्या कोणाचा. हजार माणसं येतील, पाच मिनिटं थांबतील, गाडी काढून खाली उतरतील. गड मात्र वाटाड्याशिवाय बघताच येत नाही. तीन-चार तास लागतात. तीन-चार तास चाललेल्या माणसाला भूक लागते, तो मुक्काम करतो, दुसऱ्या दिवशी वैराटच्या माथ्यावर जाऊ का असं विचारतो. दहा माणसांच्या एका टोळीमागे एका पोराचा दिवस निघतो. हजारांतले शंभरच गडाकडे वळले तरी दहा पोरं कामाला लागली, आणि तीही स्वतःच्या मुलखाची माहिती विकून, कोणाच्या ठेक्यात झाडू मारून नव्हे. माझा हिशेब कागदावरचा आहे, त्यात चूक निघाली तर सांगावी. पण पुलाचा हिशेब तरी कोणी त्या पोराला कागदावर दाखवला आहे का?

उलट्या बाजूनं बोलणारेही भेटतात. ते म्हणतात, कशाला लिहिता? लिहिलं की गर्दी होते. पावसाळ्यातल्या रविवारी घाटात गाड्यांच्या रांगा बघा, धबधब्याखालच्या बाटल्या बघा, आता गडावरही हेच आणायचं का? हा शहाणपणा मला फारसा पटत नाही. ही मंडळी स्वतः गड पाहून आलेली असतात. गर्दी होते कारण सगळ्यांना त्याच पाच पॉइंटांवर, त्याच चार महिन्यांत, त्याच रविवारी ढकललं जातं. परतवाड्यापासून हाकेवर मुक्तागिरी आहे, धबधब्याशेजारी बावन्न जैन मंदिरं. डिसेंबर-जानेवारीत बहिरमची यात्रा असते, मातीच्या हंडीतलं मटण आणि रोडगे खायला अख्खा जिल्हा लोटतो. अकोटच्या बाजूला नरनाळा आहे, त्याच्या महाकाली दरवाजासमोर माणूस अर्धा तास नुसता बसू शकतो. होळीला मेळघाटात गेलात तर कोरकू पोरंपोरी रस्ता अडवून फगवा मागतील. द्यावा, आणि थोडा वेळ ढोलकीपाशी थांबावं. आणि चिखलदरा फार लांब वाटत असेल तर पन्नासेक किलोमीटरवर रामटेक आहे. गडावर वाकाटकांच्या काळातली नरसिंहाची मंदिरं आहेत, केवल नरसिंहाच्या भिंतीवर त्या काळचा शिलालेख आहे. महामहोपाध्याय मिराशींनी बरंच आयुष्य नागपुरात घालवून कालिदासाचा रामगिरी तो हाच म्हणून बाजू लढवली. आपण तिथं जाऊन माकडांना फुटाणे टाकतो.

शासनाकडून मला फार काही नको. गाविलगडाच्या तोंडाशी एक नकाशा हवा, ज्यात बाहेरचा कोट, घळ आणि आतला किल्ला वेगवेगळे दाखवलेले असतील. मराठीत आणि कोरकूत फलक हवेत, 15 डिसेंबर 1803 ला तिथं काय झालं ते चार ओळींत सांगणारे. शिकवलेले, ओळखपत्र दिलेले, दर ठरवून दिलेले गावचे वाटाडे हवेत. आणि एक गाडी हवी. मूर्तिजापूरहून अचलपूरला येणारी शकुंतला रेल्वे बंद पडली आहे, नागपूर-छिंदवाड्याची जुनी नॅरोगेज 2015 साली गेली आणि तिच्या जागी मोठी लाइन आली. नागद्वारीच्या दहा दिवसांत एसटी जादा गाड्या सोडू शकते, तर हिवाळ्यातल्या शनिवारी पहाटे नागपूरहून थेट चिखलदऱ्याला एक गाडी सोडणं आणि रविवारी रात्री तिलाच परत आणणं काही अशक्य नाही. काचेच्या एका तावदानाच्या किमतीत यातलं बरंच काही होऊन जाईल, असा माझा अंदाज.

पण शासन करेल तेव्हा करेल. तर्री-पोह्याच्या ठेल्यावरच्या मित्रांना माझी विनंती वेगळी आहे. यंदा 15 डिसेंबरच्या जवळचा शनिवार पकडा. गणेशपेठेतून परतवाड्याची गाडी मिळते, परतवाड्याहून पुढे चिखलदऱ्याची. मुक्काम करा, रबडी खा, आणि रविवारी सकाळी पॉइंटांकडे न वळता सरळ किल्ल्याकडे निघा. वाटाड्या घ्या, त्याच्याशी घासाघीस करू नका. पाणी दोन बाटल्या, रिकाम्या बाटल्या परत आणायच्या. विजार जाड घाला, कुसळं फार लागतात.